मागच्या सीटवर बसून गाडी निवडा

आज मी भिलाईतल्या कुरुदमधून बोलतोय. धमतरीकडचं कुरुद वेगळं, हे आमचं कोहक्याजवळचं. इथल्या मराठी घरांचं माहेर-सासर, लग्नकार्य, सगळं राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा आणि नागपूर या वाटेवर. राष्ट्रीय महामार्ग ५३ आमच्या अंगणासारखाच. म्हणून इथे कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना पहिला प्रश्न सनरूफचा नसतो. घरचे सगळे त्या रस्त्याने सुखरूप पोचतील ना, हा असतो.

हे मला उशिरा कळलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीने नागपूरला निघालो होतो. पुढच्या सीटवर वहिनी आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची पुतणी. देवरीच्या अलीकडे रस्त्यात गुरं बसलेली. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी कशालाही धडकली नाही, पण पोर वहिनीच्या हातातून सुटून डॅशबोर्डवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं, एवढ्यावर निभावलं. वहिनी म्हणत राहिली, "मी घट्ट धरलं होतं हो."

तिने धरलंच होतं. पण जरा हिशोब करा. क्रॅश टेस्टमध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळते आणि साधारण अर्धा-पाऊण मीटर चेपून थांबते. तेवढ्यात आतल्या माणसाला त्याच्या वजनाच्या पंचवीस पटीच्या आसपास जोर बसतो. बारा किलोचं मूल त्या क्षणी तीनशे किलोंचं होतं. कोणती आई तीनशे किलो धरून ठेवेल? आणि समोरची एअरबॅग फुटली तर पहिला तडाखा मांडीवरच्या मुलालाच.

तेव्हापासून मी गाडी मागच्या सीटवर बसून तपासतो. तुम्हीही तसंच करा.

पहिली गोष्ट सुरक्षेची. आपल्याकडे लोक दारावर थाप मारतात आणि म्हणतात, "पत्रा जाड आहे, गाडी मजबूत." भिलाई पोलादाचं गाव. निदान आपण तरी असं म्हणू नये. बाहेरचा पत्रा नव्हे, आतला सांगाडा माणूस वाचवतो. पुढचा भाग चेपून धक्का पचवतो आणि बसायची जागा शाबूत राहते, अशी ती रचना असते.

आता स्टार कसे वाचायचे ते बघू. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ स्टार मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुधारित गाडीला ५ मिळाले. भारतीय गाडीला असे ५ स्टार पहिल्यांदाच मिळाले होते. अभिमानाची गोष्ट आहेच. पण त्याच चाचणीत मुलांच्या सुरक्षेला मिळाले होते फक्त ३. जाहिरातीत मोठा आकडा दिसतो, मुलांचा आकडा आपल्याला शोधावा लागतो. पुढे २०२४ मध्ये नव्या नेक्सॉनला दोन्हींत ५ स्टार मिळाले, म्हणजे सुधारणा होऊ शकते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅपही सुरू आहे. त्यात मोठ्यांसाठी ३२ गुण आणि मुलांसाठी ४९. दोन्ही आकडे वेगवेगळे वाचा. मुलांची चाचणी होते ती चाइल्ड सीटमध्ये बसवलेल्या बाहुल्यांवर. मांडीवरच्या मुलाला त्यातला एकही स्टार लागू होत नाही.

मोठ्यांचंही तसंच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, एअरबॅग होत्या. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. म्हणून शोरूममध्ये मागच्या सीटवर बसा आणि बेल्ट लावून बघा. मधल्या माणसालाही तीन ठिकाणी धरणारा बेल्ट आहे का? बकल सीटच्या फटीत हरवतं का? आयसोफिक्सचे हुक बोटाला लागतात का? आजीला चढता-उतरता येतं का?

दुसरी गोष्ट चालण्याची. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर तिला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून या गटात छोटं टर्बो इंजिन जास्त दिसतं. नेक्सॉनचंच घ्या. पेट्रोलचा टॉर्क १७० न्यूटन मीटर, डिझेलचा २६०. पाच माणसं आणि सामान घेऊन ट्रकला ओलांडताना हा फरक कळतो. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका, घरचे सगळे बसवा. कोहका, सुपेला करत जीई रोडला लागा आणि कमी वेगातून गाडी कशी उचलते ते बघा. पण रोजचं चालवणं चार-पाच किलोमीटरचंच असेल, तर डिझेल टाळा. त्याच्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला लांब पल्ला लागतो.

ब्रेकही तपासा. ताशी १०० वर गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. गुरं दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. इथे फीचरवर भिस्त ठेवू नका, वेग कमी ठेवणंच कामाला येतं.

तिसरी गोष्ट फीचर्सची. सनरूफ, मोठा स्क्रीन, रंगीत दिवे घ्या की, पैसे उरले तर! पण आधी सहा एअरबॅग, ईएससी, रात्री नीट उजेड देणारे हेडलॅम्प, मागच्या सीटच्या बेल्टचा इशारा आणि चाइल्ड सीट. चाइल्ड सीट गाडीबरोबर येत नाही, वेगळी घ्यावी लागते. वरच्या व्हेरिएंटवर जो जादा पैसा जातो, त्यातल्या थोडक्यात ती येते.

आम्हीही शेवटी सनरूफ सोडलं आणि चाइल्ड सीट घेतली. पहिल्या दिवशी पुतणी रडली. राजनांदगाव यायच्या आत झोपली. आता गाडीत बसली की आधी आजोबांना विचारते, "तुमचा पट्टा?"

आजोबा कुरकुरतात, पण लावतात. तुमच्या घरीही हा प्रश्न विचारणारं कुणीतरी असू द्या. भेटूया पुढच्या भागात.