संत्र्याचे पान काय सांगते ?



नागपुराहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग काटोल मागे टाकून नरखेडच्या शिवारात शिरला, म्हणजे दोहों बाजूंस संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव ह्या गावांतील कित्येक कुटुंबांचा वर्षाचा हिशेब, मुलीच्या लग्नापासून मुलाच्या शिक्षणापर्यंत, ह्या झाडांवर अवलंबून असतो. कलम लावल्यापासून पहिले बरे पीक हाती येण्यास 5-6 वर्षे लागतात. तेव्हा एवढ्या वर्षांच्या तपश्चर्येनंतर बागेत पाने पिवळी दिसू लागली की बागाईतदाराच्या काळजात धस्स व्हावे ह्यात नवल नाही. तो चार पाने तोडून धोतराच्या सोग्यात बांधतो आणि तडक औषधांच्या दुकानाची वाट धरतो. दुकानातून तीन बाटल्या येतात, त्या फवारल्या जातात, पुन्हा तीन येतात. पाने मात्र पिवळीच राहतात. अशी दोन-तीन वर्षे गेली म्हणजे शेवटी बुंध्यावर कुऱ्हाड पडते. ह्या हानीपैकी बरीचशी टाळता येण्याजोगी असते, आणि ती टाळण्याची पहिली पायरी म्हणजे पानाचे म्हणणे नीट ऐकून घेणे.

पिवळेपणा हा रोग नव्हे. ती तक्रार आहे. ताप आला म्हणजे तो हिवतापाचा की विषमज्वराचा हे वैद्य आधी ठरवितो, मग मात्रा देतो. पानांच्या बाबतीतही तोच न्याय लागू पडतो.

पानाची ही भाषा शास्त्रज्ञांनी कशी शिकून घेतली, ती कथा मनोरंजक आहे. मातीत काय आहे आणि काय नाही हे नेमके सांगणे कठीण. म्हणून त्यांनी मातीच दूर केली. 1860 साली जर्मनीत युलियस फॉन झाक्स ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने क्षार विरघळविलेल्या नुसत्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. मग एकेक क्षार वगळून पाहावयाचा आणि पानावर कोणते चिन्ह उमटते ते टिपून ठेवावयाचे, असा क्रम सुरू झाला. 1926 साली कॅलिफोर्नियात सॉमर आणि लिपमन ह्यांनी ह्याच रीतीने सिद्ध केले की, अत्यल्प का होईना, पण जस्त मिळाल्यावाचून वनस्पती जगू शकत नाही. त्याच प्रांतातील गेरिक ह्यांनी 1937 साली ह्या जलशेतीस हायड्रोपॉनिक्स हे नाव रूढ केले. आज काचगृहांतून अशी शेती सर्वत्र चालते. तिच्यात पान पिवळे झाले तर उपाय सोपा असतो: पाण्याची आम्लता तपासावी, उणा पडलेला क्षार घालावा, की थोड्याच दिवसांत नवी पाने हिरवी येतात. नरखेडच्या काळ्या मातीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. ती का नाही, हे समजण्यापूर्वी पानावरील अक्षरे ओळखली पाहिजेत.

पहिला प्रश्न असा विचारावा की, पिवळे पडले ते जुने पान की नवे ? नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात फिरती असतात. टंचाई पडली म्हणजे झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पालवीस देते. घासातला घास लेकरास देणाऱ्या माउलीसारखेच ते वागते. म्हणून ह्यांची उणीव प्रथम जुन्या पानांवर दिसते. सबंध पान सारखेच फिके पडले तर नत्र कमी समजावे. देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहून बाजूचा भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. फळांनी लगडलेल्या झाडावर हे चिन्ह विशेष दिसते. टोक आणि कडा करपल्या व फळही बारीक राहिले तर पालाशाचा संशय घ्यावा.

ह्याउलट लोह, जस्त आणि मँगनीज ही द्रव्ये एकदा जेथे बसली तेथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याकडील नव्या पानांवर उमटते. पान लहान, अरुंद, उभट झाले, पेरे आखूड होऊन पानांचा झुबका बनला आणि शिरांमधला भाग पिवळा पडला तर जस्त कमी. पानाचा आकार नेहमीचाच, परंतु फिक्या पिवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी रेखल्यासारखी दिसली तर लोह कमी. शिरांच्या काठाने हिरवे रुंद पट्टे राहून मधला भाग फिकट झाला तर मँगनीज.

आता दुसरा प्रश्न. जस्त वा लोह कमी आहे असे पानाने सांगितले, म्हणजे ते मातीत नाही असे ठरते काय ? मुळीच नाही. पान एवढेच सांगते की, आपणास ते पोचले नाही. का पोचले नाही, हे ते सांगत नाही. ह्या तालुक्यातील पुष्कळशा जमिनींत चुनखडी आहे. मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले तर फसफसून फेस येतो, तीच तिची खूण. अशा जमिनीत लोह भरपूर असूनही ते मुळांस शोषता येईल अशा रूपात राहत नाही. कोठार भरलेले, पण कुलूप लागलेले, अशी ही अवस्था. तेथे जमिनीत पोतेभर लोहक्षार टाकल्याने तोही त्याच कोठारात बंद होतो. म्हणून ही द्रव्ये नव्या पालवीवर फवारून देणे इष्ट. जस्तासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम विरलेला चुना हे प्रमाण प्रचलित आहे. शेणखताचा सढळ उपयोग केल्यास कुलूपही हळूहळू सैल होते.

कुलपाहून मोठे संकट म्हणजे घेणारा हातच लुळा पडणे. तिसरा प्रश्न म्हणूनच मुळांचा. पानाचा मधला भाग हिरवा आणि शिरा मात्र पिवळ्या, असे उलटे चित्र दिसले की पानाकडे पाहणे थांबवून कुदळ हाती घ्यावी. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून राहते. बारीक तंतुमुळे गुदमरतात आणि फायटोफ्थोरा नावाची बुरशी त्यांस कुजविते. कुजलेले मूळ बोटांत धरून ओढले की साल निसटून हाती येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. बुंध्यावर डिंक पाझरत असेल तर निदान पक्के होण्यास फारसे काही उरत नाही. अशा झाडावर कितीही जस्त फवारले तरी ते व्यर्थ होय. त्यास पाण्याचा निचरा करणारे चर हवेत. बुंध्यास पाणी लागणार नाही असे दुहेरी आळे हवे. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी ह्यांचा बोर्डो मलम पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास लावावयास हवा. कलम लावतानाच डोळा भरल्याची जागा मातीच्या बरीच वर ठेवली, तर हे दुखणे पुष्कळ अंशी टळते.

चौथा प्रश्न, पिवळेपणा सबंध बागेत आहे की एखाद्याच फांदीवर ? द्रव्याची उणीव पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस सारखी उमटते. परंतु एका बाजूस एक डाग, दुसऱ्या बाजूस निराळाच, असे विस्कळीत ठिपके एकाच फांदीवर दिसले, फळ वाकडे होऊन बुडाशी हिरवे राहिले, तर ग्रीनिंग ह्या दुर्धर रोगाची शंका घ्यावी. त्याचे सूक्ष्मजंतू सिला नावाची बारीक कीड कोवळ्या फुटींवरून पसरविते. ह्या रोगास खात्रीचा उपाय नाही. प्रयोगशाळेत परीक्षा करून घ्यावी, आणि रोग ठरल्यास ते एक झाड काढून उरलेली बाग वाचवावी. कुऱ्हाडीचे खरे स्थान तेवढेच.

एक अपवाद ध्यानी ठेवणे अवश्य आहे. आंबिया बहारासाठी झाडास ताण दिला असता पाने मलूल होतात, पिवळी पडून काही गळतातही. तो रोग नव्हे. ती बागाईतदारानेच मागितलेली विश्रांती होय. तसेच पाने काळी पडली आणि तो काळेपणा बोटाने पुसला गेला, तर ती काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढलेली कोळशी समजावी.

इतके पाहूनही शंका उरल्यास पानांची परीक्षा करवावी. फळ नसलेल्या फांदीवरील, शेंड्यापासून दुसरे ते चौथे, सुमारे सहा-सात महिन्यांचे पान ह्या कामी घेतात. नागपूर येथे 1985 साली स्थापन झालेली लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र तर शेजारी काटोलासच आहे. दुकानापेक्षा ही वाट फार लांबची नाही.

नागपुरी संत्र्यास 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे नाव सरकारी दप्तरी पक्के झाले. नाव टिकविणे मात्र दप्तराच्या हाती नाही. ते जो शेतकरी बाटलीकडे हात नेण्यापूर्वी पान उलटून पाहील, आणि पान पाहून झाल्यावर वाकून मूळ उकरील, त्याच्या हाती आहे.