ग्वाल्हेरचं गाणं आणि रेडिओचा हिशेब



मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आलो आहे. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली आमच्या गावात संगीत विद्यालय काढलं, ते आजही शंकर गांधर्व महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. तिथली गायकी इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत पोचते ती बरीचशी इंटरनेट रेडिओवरून, आणि तोच महाग होत चालला आहे.

अमेरिकेत इंटरनेट रेडिओच्या व्यावसायिक केंद्राला ध्वनिमुद्रणाचं मानधन दर गाण्याला, दर श्रोत्यामागे द्यावं लागतं. 2006 साली दर 0.0008 डॉलर होता, 2025 साली 0.0025. छोट्या केंद्रांना उत्पन्नाच्या टक्केवारीने पैसे भरण्याची सवलत होती, ती 2015 अखेर संपली. त्याच सुमारास गुंतवणूकदारांनीही हात काढून घेतले आणि हजारो केंद्रांचा आधार असलेली लाइव्ह365 ही सेवा जानेवारी 2016 अखेर बंद पडली. ती परत सुरू व्हायला 2017 उजाडलं.

यात आमच्या ग्वाल्हेर घराण्याचं नुकसान कसं होतं, पाहा. पैसे गाण्यांच्या संख्येवर मोजतात, मिनिटांवर नाही. 2025 च्या दराने अर्ध्या तासाचे दोन ख्याल शंभर जणांना ऐकवले, तर तासाला अर्धा डॉलर. पण आमच्याच घराण्यातल्या द. वि. पलुसकरांच्या जुन्या, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या लावल्या, तर तासात वीस होतात आणि खर्च पाच डॉलर! पलुसकर 1955 साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या भारतात 60 वर्षांची मुदत संपून मोकळ्या झाल्या. अमेरिकेने मात्र 2018 च्या कायद्याने 1972 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांनाही या मानधनाच्या कक्षेत आणलं.

कलावंताला पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. या मानधनातले 45 टक्के मुख्य कलावंताला जातात, हे योग्यच आहे. पण ज्या केंद्राला जाहिराती नाहीत, त्याच्याकडून श्रोते मोजून वसुली केली तर ते केंद्र बंद पडेल आणि कलावंताच्या हातीही काही लागणार नाही. छोट्यांना उत्पन्नाच्या प्रमाणातच आकारणी हवी.

तोवर एक वाट मोकळी आहे. 2021 ते 2025 च्या दरपत्रकात ना-नफा केंद्राला वर्षाला 1,000 डॉलरमध्ये सगळ्या श्रोत्यांचे मिळून महिना 1,59,140 श्रवण-तास मिळत होते. रचनांच्या हक्कांचे पैसे वेगळे, तेही हिशेबात धरा. चालू दर तपासून, घरच्या घरी रेडिओ चालवणाऱ्या हौशी मंडळींना इथल्या मराठी मंडळाने आपल्या छत्राखाली घ्यावं. आणि इथे गायला येणाऱ्या प्रत्येक कलावंताशी मैफलीच्या प्रसारणाचा लेखी करार, योग्य बिदागी देऊन, त्याच दिवशी करावा. येत्या कार्यकारिणीत हे दोन्ही ठराव मांडा, एवढी विनंती.