आजीचा अ‍ॅम्प्लिफायर घुमतो का?

मी नांदगाव खंडेश्वरातून बोलतोय. आजीला कमी ऐकू येतं, म्हणून तिच्या खंजिरी भजनांसाठी टीडीए २०३० आयसीचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. लावला, तर नुसती घूंऽऽ! आजी म्हणे, "बंद कर नं बाप्पा, भुंगा शिरला त्यात."

आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायरनंतर तिची १०० हर्ट्झची घरघर होते. फिल्टर कॅपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा होता, ४७०० चा टाकला. घरघर कमी झाली, गेली नाही. मग इनपुटला शिल्डेड वायर लावली, सगळे ग्राउंड कॅपॅसिटरच्या निगेटिव्हवर एकाच जागी जोडले. शांत!

उघड्या स्पीकरचा पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारतो. प्लायच्या बंद खोक्यात बसवला, तेव्हा बेस आला.

आता आजी खंजिरीवर मान डोलावते. तुम्हीही करा, पण आधी प्लग काढा बरं!