सन्मानाची नोंद हजेरीपटावर व्हावी



परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या या पेडगावात, काळ्या मातीच्या आणि कापूस-सोयाबीनच्या या मुलखात, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. शाळांना आणि शिक्षकांना मिळणारे सन्मान हा या संमेलनाचा विषय आहे आणि त्याची चर्चा शहरातल्या सभागृहाऐवजी एका खेड्यात होते आहे, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. पाहुण्यांचे स्वागत करणे हे स्वागताध्यक्षाचे पहिले काम. पुढच्या चर्चेसाठी एक विचार मांडणे हे दुसरे. तो विचार मी आमच्याच मातीतून घेतला आहे.

१९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने दिलेला भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगापुढे टिकाव धरणारा म्हणून नावाजला गेला. वाण चांगला निघाला म्हणून त्याला हार घालून प्रक्षेत्रावरच ठेवले असते, तर त्याचा उपयोग कोणाला झाला असता? वाणाची शिफारस होते ती त्याचे बियाणे शेतकऱ्याच्या हाती जावे म्हणून, आणि त्याची खरी किंमत तो किती बांध ओलांडून गेला यावरून ठरते. शाळेला किंवा शिक्षकाला मिळणारा पुरस्कार हीसुद्धा एक शिफारसच आहे, असे माझे म्हणणे आहे. ‘या वर्गात जे घडते ते इतर वर्गांतही घडावे’ असे समाज पुरस्कार देऊन सांगत असतो. म्हणून पुरस्काराचे मोल शालीच्या किंवा रकमेच्या किमतीवर ठरू नये. सन्मानित शाळेतली रीत शेजारच्या किती शाळांत रुजली आणि तिच्यामुळे किती मुले शाळेत टिकली, यावर ते ठरावे.

आपल्या इतिहासात याला भक्कम आधार आहे. १८५२ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा शैक्षणिक कार्याबद्दल शाल देऊन सत्कार झाला. मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. सावित्रीबाई आणि जोतीराव यांना समाजाकडून जी अवहेलना सोसावी लागत होती, ती पाहता त्या सत्काराचे महत्त्व मोठेच होते. पण त्या कामाचा सर्वांत मोठा दाखला दोन-अडीच वर्षांनी मिळाला आणि तो सरकारकडून आला नाही. १८५५ साली त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखांविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. जिला अक्षर शिकण्याचा अधिकारच नाकारला होता, ती समाजाला जाब विचारू लागली. शाळा काय करू शकते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणत्याही मानपत्रात सापडणार नाही. शाल १८५२ ची आणि निबंध १८५५ चा, हा क्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे. सन्मान आधी आला आणि त्याला खरे ठरवण्याचे काम वर्गाने नंतर केले.

आमच्या मराठवाड्यात तर ज्यांना कोणतीही राजमान्यता नव्हती अशा शाळांनी पिढी घडवली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. निजामी राजवटीत अशा शाळांच्या वाट्याला गौरवापेक्षा संशयच अधिक आला. तरी १९३८ पासून १९४८ पर्यंतच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात जे शिक्षक आणि विद्यार्थी उतरले, त्यांच्या रूपाने त्या शाळांच्या कामाची नोंद झाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेले कामही असेच आहे. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात आणि गुरे राखण्याच्या कुरणात न्यायची, हा त्यांचा मार्ग होता. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ‘अंगणवाडी’ हा शब्द आज गावोगाव रोजच्या बोलण्यात आहे, ही त्यांच्या रीतीला मिळालेली मान्यता त्या दोन्ही सन्मानांहून मोठी आहे.

अलीकडची उदाहरणेही हेच सांगतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. १४० हून अधिक देशांतून आलेल्या १२ हजारांवर नामांकनांतून ही निवड झाली होती आणि पुरस्कार १० लाख डॉलरचा होता. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटण्याचे जाहीर केले. ती उदारता मोठी आहेच. परंतु पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची त्यांची रीत एका वस्तीशाळेपुरती न राहता बालभारतीच्या पुस्तकांपर्यंत गेली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. २०२५ साली पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक पातळीवरच्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा मान मिळाला. तिथे मोठी मुले लहानांना शिकवतात आणि गाव शाळेच्या पाठीशी उभे आहे. या दोन्ही गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. मग त्या पेडगावात, मानवतला, सोनपेठला का येऊ नयेत?

यावर काही आक्षेप आहेत आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप शिक्षकांचाच आहे. पुरस्कार म्हणजे प्रस्तावाची जाडजूड फाइल, छायाचित्रे, कात्रणे आणि दाखले. जो चांगले शिकवतो त्याला फाइल करायला वेळ नसतो आणि जो फाइल चांगली करतो तोच निवडला जातो. तेव्हा पुरस्कारच बंद करा, असे म्हटले जाते. या तक्रारीत तथ्य आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो आणि २०१८ पासून शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज भरता येतो. यामुळे अर्जासाठी कोणाच्या शिफारशीची गरज उरली नाही हे चांगले झाले, मात्र आपल्या कामाचे वर्णन आपणच करण्याचा भारही वाढला. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे; पुरस्काराची फाइल हे नवे अशैक्षणिक काम होऊ नये. तरीही पुरस्कार बंद करणे हे उत्तर मला पटत नाही. शिकवण्याचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते. दोनशिक्षकी शाळेतले काम पाहायला कोणी येत नाही. शिक्षकाचा सत्कार होतो तेव्हा गावातल्या मुलाला कळते की, शिकण्या-शिकवण्याला इथे किंमत आहे. ही खूण पुसून टाकणे गावाला परवडणारे नाही. बदलायचे असेल तर मागण्याची पद्धत बदलू या. प्रस्ताव शिक्षकाने लिहू नये. शालेय व्यवस्थापन समितीने लिहावा आणि शेजारच्या गावच्या शिक्षकांनी शाळेत एक दिवस बसून तो पडताळावा. गावच्या राजकारणाचा रंग त्यात येईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच पडताळणी दुसऱ्या गावाकडे हवी.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. शिक्षण मोजता येत नाही, म्हणून जे दिसते त्याला गुण द्यावे लागतात, असे प्रशासन म्हणते. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाने शाळांमध्ये उत्साह आणला, लोकसहभाग वाढवला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या १५० गुणांपैकी ३३ गुण पायाभूत सुविधांना, ७४ गुण शासकीय धोरणांच्या अंमलबजावणीला आणि ४३ गुण शैक्षणिक संपादणुकीला होते. बोलक्या भिंती आणि परसबाग हव्यातच. तरी ज्या कामासाठी शाळा आहे त्याला एक-तृतीयांशाहून कमी वजन का असावे? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीची २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा होते आहे. पण चारातली तीन मुले अजून मागे आहेत. तेव्हा वाचन मोजता येते, आणि टिकून राहणेही मोजता येते. आमच्या भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. जो शिक्षक पालकांची समजूत काढून, हंगामी वसतिगृह चालवून, आजी-आजोबांकडे सोय लावून मुलाला गावात ठेवतो, त्याच्या कामाचे छायाचित्र निघत नाही, कारण जे मूल गावातून गेलेच नाही ते फोटोत वेगळे दिसत नाही. ते हजेरीपटावर दिसते. जुलैचा पट आणि जानेवारीचा पट शेजारी ठेवा. ज्या शाळेत दोन्हींत फरक नाही, ती शाळा सन्मानाची पहिली मानकरी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. चांगली शाळा चांगल्या शिक्षकाबरोबर येते आणि त्याच्या बदलीबरोबर जाते; शिवाय परितेवाडीची रीत परभणीच्या मातीत चालेलच असे नाही. याचे उत्तर पुन्हा शेतातच आहे. कोणताही वाण एकदम साऱ्या शिवारात पेरत नाहीत. आधी आपल्या मातीत छोटी चाचणी घेतात. तसेच सन्मानित शाळेने वर्षभर शेजारच्या शिक्षकांना आपल्या वर्गात बसू द्यावे आणि त्यांनी एक रीत आपल्या एका वर्गात करून पाहावी, एवढे पुरस्कारासोबत जोडता येईल. बदलीबद्दल मला वाटते की, शिक्षक गेल्यावर दोन वर्षांनी ती शाळा पुन्हा पाहावी. तिथली मुले तशीच वाचत असतील, तर तो शिक्षक दुसऱ्यांदा सन्मानास पात्र आहे, आणि त्याच्याबरोबर त्याचे काम पुढे नेणारा नवा शिक्षकही.

या संमेलनात ज्यांचा गौरव होणार आहे, त्या सर्व गुरुजनांचे आणि बाईंचे मी पेडगावकरांच्या वतीने अभिनंदन करतो. हा गौरव त्यांनी कष्टाने मिळवला आहे. त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे: परत जाताना आपली एक रीत इथल्या शिक्षकांच्या हाती देऊन जा. आणि गावकऱ्यांनो, आपणही एक शब्द देऊ या. यंदाच्या दिवाळीनंतर आपल्या शाळेच्या पटावरच्या एकाही नावापुढचा रकाना ऊसतोडीमुळे कोरा राहणार नाही, याची जबाबदारी शिक्षकाबरोबर आपलीही राहील.