बसलेला बैल लवकर का दमतो?

लंगडणारा बैल महिनाभर दावणीला राहिला की मांडी उतरते. पण नुसते मांस घटत नाही, त्याची जातही बदलते. स्नायूत चिवट, संथ तंतू असतात, तसेच झटक्याचे, लवकर थकणारेही. चालताना मज्जातंतूच्या इशाऱ्याने पेशीत कॅल्शियम वाढते, ते कॅल्सिन्यूरिन या विकराला जागे करते आणि चिवट तंतूंची जनुके चालू राहतात. कॅल्सिन्यूरिनचे हे काम १९९८ साली उजेडात आले. हालचाल थांबली की हा निरोपही मंदावतो. नुसत्या पेंडीने तो परत येत नाही! तेव्हा पाय बरा झाल्यावर मिरगाच्या तोंडावर घाई असली तरी आधी रोज चालवा, मग रिकामी गाडी, मग कुळव. नांगर सर्वांत शेवटी.