पंगतीतले यंत्रपुराण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी विद्वान पाहुण्यांना बोलवावे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकावे, असा आपला शिरस्ता. या वर्षी कार्यकारिणीने घरच्याच बाईने बोलावे असे ठरविले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. विषय निवडण्याची मोकळीक होती. तेव्हा म्हटले, आमच्या भिशीच्या पंगतीत दर महिन्याला जो विषय हटकून निघतो, तोच येथे मांडावा. तो विषय यंत्रांचा आहे: स्वयंपाकघरातल्या यंत्रांचा, हातातल्या फोनचा आणि संगणकाच्या जन्मकथेचा. बायकांच्या सभेत हा कसला विषय, असे कोणाला वाटत असेल, तर तिने शेवटपर्यंत ऐकून घ्यावे एवढीच माझी विनंती.

आमची भिशी बारा जणींची. महिन्यातून एकदा एकीच्या घरी मसालेभात, मठ्ठा, अळूची भाजी असा बेत होतो. पूर्वी पंगतीत लोणच्याच्या खारापासून लेकीसुनांच्या बाळंतपणापर्यंत सगळे विषय चालत. ते अजूनही चालतात. पण मध्येच कोणीतरी नवे यंत्र काढते आणि भात पानात निवतो. एकीने एअर फ्रायर घेतला. त्यात झालेल्या वड्यांना वडे म्हणावे किंवा नाही, यावर आमच्यात अद्याप एकमत नाही. दुसरीच्या मनगटावरचे घड्याळ तिची दिवसभरातली पावले मोजते. तिच्या सासूबाई म्हणतात, "आम्ही आडाचे पाणी भरीत होतो, तेव्हा हे घड्याळ नव्हते तेच बरे, बिचारे मोजून थकले असते!" तिसरी फोनशी मराठीत बोलते आणि फोन ते लिहून घेतो. वहिनींनी 'वरण' म्हटले की तो 'मरण' लिहितो, आणि निरोप जावयाला गेल्यावर मग घरात धावपळ होते.

आमच्यात एक निवृत्त गणित-शिक्षिका आहेत. आम्ही त्यांना नुसते 'बाई' म्हणतो. एकदा कोणीतरी सहज म्हणाले, "हे पुरुषांनी काढलेले पुरुषांचे खेळ, आपल्या डोक्यात कसे शिरायचे?" त्यावर बाईंनी हातातला घास खाली ठेवला आणि जे सांगितले, ते मी माझ्या शब्दांत तुम्हांस सांगते.

इंग्रजीतला 'कॉम्प्युटर' हा शब्द मूळचा यंत्राचा नव्हेच. हिशेब करणाऱ्या माणसाला तो शब्द लावीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्याला तोफांची कोष्टके हवी होती. तोफ इतक्या कोनात धरली, तर गोळा कोठे पडेल, हे त्या कोष्टकात पाहावयाचे. एका गोळ्याच्या मार्गाचा हिशेब टेबलावरच्या साध्या गणनयंत्राने करावयास तीस-चाळीस तास लागत. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे काम गणित शिकलेल्या मुली करीत, आणि त्यांच्या हुद्द्याचे नावच 'कॉम्प्युटर' होते. काम झटपट व्हावे म्हणून तेथेच 'एनिअॅक' नावाचे प्रचंड यंत्र बांधण्यात आले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि वजन सुमारे ३० टन होते.

यंत्र झाले, पण त्याच्याकडून काम कसे करून घ्यावयाचे? त्यासाठी १९४५ मध्ये सहा मुली निवडल्या. के मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. त्यांना शिकवायला गुरू नव्हता की हाताशी पुस्तक नव्हते. काम गुप्त असल्यामुळे प्रथम तर यंत्राच्या खोलीत जाण्याचीही परवानगी नव्हती. हाती आले ते यंत्राचे आराखडे. ते पसरून, एकमेकींना विचारीत, बांधणाऱ्या इंजिनिअरांना प्रश्न करीत त्यांनी ते यंत्र समजावून घेतले. कोणती तार कोठे जोडावयाची आणि कोणती कळ कशी फिरवावयाची, हे सर्व त्यांनी बसविले.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिअॅकचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यासाठी गोळ्याच्या मार्गाचा हिशेब यंत्रावर बसविला होता तो जेनिंग्ज आणि स्नायडर या दोघींनी. तासांचे काम यंत्राने अर्ध्या मिनिटाच्या आत केले. पाहुणे थक्क झाले. रात्री थाटाची मेजवानी झाली, भाषणे झाली. त्या मेजवानीचे आमंत्रण या मुलींना नव्हते.

बाईंनी हे सांगितले तेव्हा पंगत एकदम गप्प झाली. आम्हां बायकांना यंत्राचे तांत्रिक अंग कितपत कळले ते सोडा. पण राबणारीचे पान मांडलेले नसणे म्हणजे काय, ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पुढची गोष्ट तर त्याहून विलक्षण. १९८०च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रांत यंत्राजवळ उभ्या असलेल्या या बायका पाहिल्या आणि त्या कोण म्हणून चौकशी केली. तिला उत्तर मिळाले की, फ्रिजच्या जाहिरातीत शोभेसाठी बायका उभ्या करतात, तशाच या असाव्यात! तिने चिकाटीने शोध घेतला, म्हणून त्यांची नावे उजेडात आली. १९९७ साली एका स्त्री-तंत्रज्ञ संस्थेने त्या सहाही जणींचा गौरव केला. प्रात्यक्षिकाला तेव्हा एकावन्न वर्षे उलटून गेली होती.

त्या दिवसापासून बाई दर भिशीला एक गोष्ट आणतात. इंग्लंडच्या एडा लव्हलेस या बाईने १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेजच्या नियोजित यंत्रावर टिपणे लिहिली. माग जसा कापडावर पानेफुले विणतो, तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणील, अशी उपमा तिने दिली होती. ते यंत्र पुरे झालेच नाही; पण टिपणे राहिली. ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातल्या बाईंनी १९५२ मध्ये माणसाने लिहिलेल्या सूचनांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याचे काम यंत्राकडूनच करून घेतले.

आम्हांला सर्वांत आवडली ती चंद्राची गोष्ट. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा यानातल्या संगणकाची स्मरणशक्ती चक्क हाताने ओवलेली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात बायका बारीक तार लोहद्रव्याच्या छोट्या कड्यांतून ओवीत. कड्यातून तार गेली तर 'एक', बाहेरून गेली तर 'शून्य'. ओवण्यात चूक झाली, तर हिशेबात चूक. आमच्यातल्या एक काकू मोत्यांची तोरणे फार सुबक करतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे तर माझेच काम!"

आपल्याकडेही ही विद्या फार दूर नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये देशी बनावटीचा संगणक चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. पुण्यात सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक तयार केला. आणि २०१६ पासून आपण भाजीवालीला फोनवरून पैसे देतो, ती यूपीआयची व्यवस्थाही मुंबईतलीच एक संस्था चालविते.

आता तुम्ही म्हणाल, या गोष्टी गोड आहेत. पण त्यांचा आमच्या संसाराशी काय संबंध? तो संबंध दाखविणारे दोन प्रसंग सांगते.

पहिला प्रसंग पंगतीतलाच. आमच्या एका वहिनींनी जुने लोखंडी कपाट विकावयाचे म्हणून फोनवर जाहिरात दिली होती. दहीभात वाढला होता आणि गिऱ्हाईकाचा फोन आला. मोठा गोड माणूस! भाव करीना, कपाट पाहायलाही येईना. म्हणाला, "ताई, पाच हजार आत्ताच पाठवितो. मी एक क्यूआर कोड पाठविला आहे, तो उघडा आणि तुमचा पिन घाला, की पैसे जमा." वहिनींचा हात उष्टा. त्यांनी शेजारच्या काकूंना पिन दाबावयास सांगितले. काकूंनी तो मोठ्याने विचारला, म्हणून बाईंच्या कानांवर गेले. बाई म्हणाल्या, "थांबा. पिन ही आपल्या तिजोरीची किल्ली. कोणी आपल्याला पैसे देत असेल, तर आपण तिजोरी कशाला उघडावयाची?" काकूंनी फोन पालथा ठेवला. पलीकडचा गोड माणूस तोवर अरेरावीवर आला होता. भगिनींनो, हे पाठ करून ठेवा: पैसे घ्यावयास पिन कधीच लागत नाही, तो फक्त देताना लागतो. आणि फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल, तितका पैसे अडविले जाण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रसंग सांगताना मन जड होते. आमच्यातल्या एका मैत्रिणीचे यजमान अकस्मात गेले. सज्जन गृहस्थ, बायकोला कसली तोशीस पडू नये म्हणून सगळे व्यवहार स्वतः पाहत. विजेचे बिल त्यांच्या फोनवर येई, गॅस त्यांच्या फोनवरून नोंदविला जाई, विम्याचे कागद त्यांच्या ईमेलमध्ये. ते गेले आणि फोनला कुलूप राहिले. घरातल्या कोणत्या डब्यात काय आहे, हे जिला डोळे मिटून सांगता येई, तिला आपले पैसे कोठे आहेत ते ठाऊक नव्हते. वीज तोडण्याची सूचना दारात आली, तेव्हा बिल थकल्याचे कळले. दोन महिन्यांनी ती भिशीला आली आणि म्हणाली, "त्यांनी मायेने सांगितले नाही, आणि मी मायेनेच विचारले नाही."

कोणी उपदेश केला नाही. जेवणे झाल्यावर बाई तिच्याजवळ बसल्या. त्या दिवशी तिने आपल्या फोनवर ग्राहक क्रमांक घालून बिल पाहावयास शिकून घेतले. पुढच्या महिन्यात तिने आम्हां सर्वांच्या देखत स्वतःच्या हाताने बिल भरले. पावती येईपर्यंत कोणी शिऱ्याला हात लावला नाही. आज ती तिच्या जावेला शिकवीत आहे.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, मंडळाच्या दर मासिक सभेत चहानंतर अर्धा तास फोनसाठी ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट शिकावी आणि ती आपल्या स्वतःच्या बोटांनी करावी. लेकरे शिकवितात; पण ती घाईत असतात, आणि फोन हातातून काढून स्वतःच करून देतात. त्याने काम होते, शिकणे होत नाही. दोन, प्रत्येकीने घरात एक वही करावी. खाती कोणत्या बँकेत, वारस म्हणून कोणाचे नाव, विमा कोठला, कोणते बिल कोणत्या फोनवर येते, हे पतिपत्नींनी मिळून लिहावे. पिन मात्र वहीत लिहू नये. तीन, "अगं, एवढेही येत नाही?" हे वाक्य मंडळाच्या आवारात कोणी उच्चारू नये. त्या सहा मुलींनी विचारीत विचारीतच शिकून घेतले. आपण विचारावयास का लाजावे?

आमच्या भिशीतल्या आजींची एक चौथी सूचना आहे. जेवताना सर्व फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवावेत आणि हात धुतल्यावरच काढावेत. आम्ही ती मान्य केली आहे. डब्यातून घंटा वाजत राहते आणि आम्ही जेवत राहतो.

माझे बोलणे लांबले. सूचनांचा विचार कार्यकारिणीने करावा, पहिल्या अर्ध्या तासासाठी बाईंनी येण्याचे कबूल केले आहे.