रक्तातले जागले



आज मी एका आजाराविषयी बोलणार आहे. त्याचे नाव काढले की माणसे खाली पाहू लागतात. तो आजार म्हणजे एच.आय.व्ही. मी डॉक्टर नाही; जन्मभर खडू हातात धरलेला मास्तर आहे. डॉक्टरांकडून जे समजून घेतले तेच सोपे करून सांगतो.

पूर्वी गावोगावी जागल्या असे. रात्री चोर आला की तो आरोळी ठोकी. मग तरणी माणसे काठ्या घेऊन धावत. आपल्या रक्तातही असे जागले आहेत. त्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. त्यांना सी.डी. फोर म्हणतात. रोगजंतू आत शिरला की ह्या पेशी इतर पेशींना हाक देतात. मग सारे मिळून जंतूचा समाचार घेतात.

आता ह्या विषाणूची लबाडी पाहा. तो जागल्यालाच गाठतो! पेशीत शिरतो आणि तिच्या वहीत आपला मजकूर लिहून ठेवतो. ती बिचारी तो मजकूर आपलाच समजून वाचते, नवे विषाणू तयार करते आणि शेवटी मरते.

पहिल्या काही आठवड्यांत थोडा ताप येतो. कोणाला तोही येत नाही. त्याच दिवसांत आतड्याच्या अस्तरातले पुष्कळ जागले मरतात. दुसऱ्या लढाऊ पेशी विषाणूला थोडे आवरतात. मग माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो. पण आत रोज झटापट चालू असते. गळका रांजण किती भरणार? निरोगी माणसाच्या मोहरीएवढ्या रक्तात ५०० ते १५०० सी.डी. फोर पेशी असतात. औषध घेतले नाही, तर बहुतेकांच्या बाबतीत आठ-दहा वर्षांत त्या २०० च्या खाली येतात. ह्या अवस्थेला एड्स म्हणतात. मग क्षयासारखे रोग मोकळ्या दारातून आत येतात.

माझा एक जुना विद्यार्थी ट्रक चालवायचा. नाव सांगणार नाही. त्याला हा आजार झाला. गोळ्या सुरू झाल्या, अंगाने भरला. एक दिवस म्हणाला, "गुरुजी, आता मी बरा झालो. गोळ्या सोडल्या." मी म्हणालो, "छान झालं, बाळ." वर्षाच्या आत तो क्षयाने अंथरुणाला खिळला. माझे ते दोन शब्द मला अजून टोचतात.

चूक कुठे झाली? काही जागले झोपलेले असतात. त्यांच्या वहीतही विषाणूचा मजकूर असतो, पण तो कोणी वाचत नाही. गोळ्या तो मजकूर पुसू शकत नाहीत. नव्या जागल्यांना तेवढ्या वाचवतात. गोळ्या थांबल्या, झोपलेले जागे झाले, की बहुतेकांच्या रक्तात थोड्याच आठवड्यांत विषाणू परत येतो. म्हणून गोळी रोज, आणि जन्मभर. बरे वाटते ते गोळीमुळेच!

माझा विद्यार्थी वाचला. क्षयाची औषधे पुरी केली, ह्या गोळ्या पुन्हा धरल्या. आज तो गाडी चालवतो.

आपल्या देशात सरकारने २००४ साली ह्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. पूर्वी पेशी पुष्कळ कमी झाल्यावरच त्या मिळत. २०१७ पासून आजार कळताच, पेशी कितीही असोत, त्या सुरू करतात. सरकारी दवाखान्यात तपासणीही फुकट होते आणि ती गुप्त ठेवतात. गोळ्या नेमाने घेऊन रक्तात विषाणू दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की नवराबायकोच्या संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने तर तो मुळीच लागत नाही.

तेव्हा मंडळी, कोणी तुम्हांला म्हणाले, "मी बरा झालो, गोळ्या सोडल्या," तर माझ्यासारखे 'छान झालं' म्हणू नका. त्याचा हात धरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.